आटवण्याआधी एकदा वाजवून पाहा

अहिल्यानगर जिल्ह्यातील सराफ बंधूंना खुले पत्र

सराफ बंधूंनो,



आमच्या भागातले एक जुने जादूगार गेल्या वर्षी वारले. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. चौदाव्याचं जेवण आटोपल्यावर त्यांच्या थोरल्या मुलाने माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "गुरुजी, आम्हाला यातलं काही कळत नाही. तुमच्या कामाचं असेल ते घेऊन जा." पेटीत पितळेचा लोटा होता, पत्त्यांचे जोड होते, रेशमी रुमाल, दोऱ्या, लाकडी अंडी, सगळं जागच्या जागी होतं. नाणी ठेवायची मखमलीची पिशवी मात्र रिकामी होती. कापडावर गोल ठसे उठले होते, इतकी वर्षं नाणी त्याच घडीत राहिली होती. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते चांदीचे रुपये ना? दवाखान्याचं देणं राहिलं होतं आणि भाव चांगला आला होता. मोडीत घातले. त्यातले पाच-सहा तर खोटेच निघाले, वजनाला भरले नाहीत. तरी शेठनी चांदीच्या भावाने घेतले."

ते पाच-सहा 'खोटे' रुपये म्हणजे मास्तरांची अर्ध्या आयुष्याची कमाई होती. एकेक रुपया त्यांनी जोड जुळवून, कारागिराच्या शेजारी बसून घडवून घेतला होता. खरे रुपये त्यांच्यासोबत ठेवले तर कोणता खरा आणि कोणता घडवलेला हे मलाही हातात घेतल्याशिवाय कळायचं नाही. ते सगळे एका मुशीत गेले.

मुलाचा दोष नाही. घरावर देणं होतं. त्या शेठचाही दोष मी मानत नाही, हलकं नाणं पाहून दुसरं काय वाटणार? दोघांनाही माहीत नव्हतं, एवढंच. म्हणून तुम्हा सगळ्यांना हे पत्र लिहितो आहे. चांदीचा भाव असाच राहिला तर येत्या दोन-चार वर्षांत आमच्या हातचलाखीतलं नाणं या जिल्ह्यातून नाहीसं होईल. ते वाचवणं सरकारच्या हातात नाही, ते तुमच्या हातात आहे.

मी पाथर्डी तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. जादूचं वेड लागलं ते मढीच्या यात्रेत. कानिफनाथांची ही यात्रा तुम्हाला सांगायला नको. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत सगळ्या भटक्या जमाती तिथे उतरतात, गाढवांचा बाजार भरतो, रेवड्यांचे ढीग लागतात. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका झाडाखाली एक म्हातारा बसला होता. त्याने माझ्या हातातल्या रेवड्यांच्या पुडीत बोटं घातली आणि राणीछाप रुपया बाहेर काढला. समोरच्या दगडावर टाकला. तो जो खणखणला, तो आवाज आजही माझ्या कानात आहे. मग त्याने माझ्या कोपरातून दुसरा काढला, वडिलांच्या पागोट्यातून तिसरा. वडिलांनी त्याला चार आणे दिले. तो हसून म्हणाला, "हवेतनं रुपये काढतो, पण पोटाला तुमचे चार आणेच लागतात."

पुढे मी मास्तरांकडे शिकलो. पुण्याचे जादूगार रघुवीर त्यांनी तरुणपणी पाहिले होते. रघुवीर, मग विजय रघुवीर, मग जितेंद्र रघुवीर, अशा तीन पिढ्यांनी महाराष्ट्राला जादूचा रंगमंच दिला. पण मास्तर रंगमंचाचे नव्हते. ते शाळेच्या पटांगणाचे, देवळाच्या ओट्याचे, आठवडे बाजाराचे जादूगार. त्यांचं सगळं भांडवल म्हणजे एक लोटा आणि बंदे रुपये.

तुम्ही विचाराल, चांदीचंच नाणं कशाला हवं? आज बाजारात रुपया आहे, दोन आहे, पाच आहे, दहा आहे. त्यावर खेळ करा.

केला. गेल्या पावसाळ्यात एका शाळेत आजच्या नाण्यांवर हवेतून रुपये काढायचा खेळ केला. या खेळात मुलं डोळ्यांनी एक नाणं पाहतात आणि कानांनी बाकीची मोजतात. उजव्या हाताच्या बोटांत एक रुपया दिसतो, तो लोट्यात टाकल्यासारखा करायचा, आवाज मात्र डाव्या हातातून सोडलेल्या नाण्याचा येतो. चांदी पितळेच्या लोट्यात पडली की घंटेसारखा नाद उठतो आणि दोन क्षण रेंगाळतो. पटांगणाच्या शेवटच्या रांगेतलं पोरही 'एक, दोन, तीन' म्हणून मोजायला लागतं. आजच्या स्टीलच्या नाण्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर खडा पडावा तसा. पहिल्या दोन रांगांपलीकडे काही गेलं नाही. आकाराचंही तेच. 2011 पासूनचा रुपया जेमतेम 22 मिलिमीटरचा आणि पावणेचार ग्रॅमचा. माझ्या तळव्यात तो धरला तर मलाच तो आहे की नाही हे चाचपावं लागतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण आपली मुलं चांगली आहेत. पण खेळ झाला नाही.

जुना रुपया 31 मिलिमीटरच्या आसपास भरतो. आणि इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जगभरचे जादूगार ज्या नाण्यावर शिकतात तो अमेरिकेचा अर्धा डॉलर 30.6 मिलिमीटरचा आहे. म्हणजे दोन्ही जवळजवळ एका मापाचे. बोबो नावाच्या अमेरिकन जादूगाराने 1952 साली 'मॉडर्न कॉइन मॅजिक' हे पुस्तक लिहिलं, ते नाणी खेळवणाऱ्यांचं बायबल मानलं जातं. त्यातल्या पकडी आमच्या राजाछापावर जशाच्या तशा बसतात. 1899 साली जादूगार नेल्सन डाउन्सने लंडनचं पॅलेस थिएटर हवेतून नाणी काढण्याच्या याच खेळावर गाजवलं. मढीचा म्हातारा आणि डाउन्स, दोघांची कला एकच होती. फक्त एकाच्या डोक्यावर छप्पर होतं.

झिजलेल्या चांदीचा आणखी एक गुण आहे, तो तुम्हाला बोटांनी ठाऊक असणार. पन्नास वर्षं लोकांच्या हातून फिरलेला रुपया लोण्यासारखा होतो. एकावर एक चार रुपये ठेवून सरकवले तर आवाज होत नाही. टाकला तर खणखणतो, सरकवला तर गप्प राहतो. हे दोन्ही गुण एकाच धातूत मला दुसरीकडे कुठे सापडले नाहीत. 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, रुबाबदार आहे, पण कठीण आहे आणि चुंबकाला चिकटतो. पितळी टोकनं चकाकतात, पण लांबून पोरंसुद्धा म्हणतात, हे खेळण्यातले पैसे आहेत.

आता घडवलेल्या नाण्यांबद्दल. आमच्या धंद्यात गुपित उघडं करत नाहीत आणि मीही आजवर केलं नाही. तरी इथे लिहितो, कारण ही नाणी शेवटी तुमच्याच काट्यावर येतात. तुम्हाला ती ओळखता आली पाहिजेत.

सगळ्यात महत्त्वाचं ते शेल, म्हणजे नाण्याची पोकळ वाटी. एक राजाछाप रुपया घ्यायचा. नागापूरच्या एमआयडीसीत माझा एक टर्नर मित्र आहे, तो सुट्टीच्या दिवशी लेथवर बसतो. रुपयासाठी पितळेचा साचा केलेला आहे, त्यात तो चेहऱ्याच्या बाजूने बसवतो आणि मागून हळूहळू कोरत जातो. राजाचा चेहरा आणि कडेच्या बारीक रेघा तेवढ्या ठेवायच्या, बाकी सगळी चांदी किस होऊन खाली पडते. तळ पोस्टकार्डाएवढा उरला की थांबायचं. मित्र श्वास रोखून असतो, मी त्याच्यामागे उभा असतो. एक केसभर जास्त गेलं की राजाच्या कपाळाला भोक पडतं आणि नाणं वाया जातं. मग ती वाटी तापवून नरम करायची, पोलादी साच्यावर चढवून तिची कड किंचित रुंद करायची, म्हणजे दुसरा अख्खा रुपया तिच्यात चपखल बसेल. चांदी हे सोसते. तापवली की नरम पडते, ताणली की ताणते. स्टील फाटतं. तीन रुपयांत एखादं शेल साधतं, असा माझा अनुभव आहे.

आणि ते साधलं तरी संपत नाही. शेलच्या आत बसणारा रुपया त्याच राजाचा हवा, तितकाच झिजलेला हवा, काळपटपणाही सारखा हवा. शेल उजळ आणि नाणं काळं असलं तर दहा वर्षांचं पोरसुद्धा बोट दाखवतं. असा जोड मिळवायचा तर शे-दीडशे रुपये एकत्र पाहावे लागतात. शे-दीडशे रुपये एकत्र कुठे असतात? तुमच्याकडे.

दुसरी घडवलेली नाणीही असतात. 'शोले'मधलं जयचं नाणं आठवा, दोन्हीकडे एकच बाजू. तसं करायला दोन रुपये कापून त्यांचे अर्धे भाग जोडतात, तुम्ही डाग देता तसाच डाग देऊन. काही नाण्यांना केसाएवढी चीर असते आणि कडेच्या खाचेत रबर, ती दुमडतात आणि बाटलीच्या तोंडातून आत जातात. काहींच्या पोटात लोखंडाची चकती असते. चांदीचा रुपया चुंबकाला चिकटला तर तो लगेच खोटा समजू नका, आमचा असेल.

चालू नाण्यावर असलं काही करता येत नाही. 2011 च्या नाणे कायद्याने चलनातलं नाणं आटवणं, नष्ट करणं हा गुन्हा आहे. राणीछाप आणि राजाछाप बंदे रुपये 1941 ते 1943 या काळात चलनातून काढले गेले. म्हणजे आमच्यासारख्याला कायद्याची भीती न बाळगता लेथवर चढवता येईल असं, योग्य मापाचं, योग्य धातूचं एकच नाणं या देशात आहे. नेमकं तेच रोज भट्टीत चाललं आहे.

हिशेब तुम्हीच चांगला कराल, पण लिहून ठेवतो. बंद्या रुपयाचं वजन एक तोळा, 11.66 ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे चोख सुमारे 10.69 ग्रॅम. 2025 च्या सुरुवातीला चांदी किलोला 90 हजारांच्या आसपास होती, तेव्हा एका रुपयात सुमारे 960 ची चांदी होती. डिसेंबरात भावाने 2 लाख ओलांडले, तेव्हा तोच रुपया 2,100 च्या पुढे गेला. जानेवारी 2026 मध्ये चांदी 3 लाखांच्याही वर गेली, तेव्हा रुपयात 3,200 ची चांदी. 1940 ते 1945 चा रुपया निम्म्या चांदीचा, त्यात चोख 5.83 ग्रॅम. आवाजाला तो थोडा उणा, तरी आम्ही त्यावर भागवायचो. आता तोही मोडीत निघतो.

आठ रुपयांचा खेळ, दोन-तीन शेल, त्यांचे जोड आणि लेथवर वाया जाणारे धरून नवशिक्याला 20 बंदे रुपये लागतात. 2025 च्या सुरुवातीला ते 19 हजारांच्या आसपास जमले असते. 2 लाखांच्या भावाने त्याला 42 हजारांच्या वर पडतात. शाळेच्या एका कार्यक्रमाचं मानधन मला दीड-दोन हजार मिळतं, तेही गावच्या सरपंचाच्या मनात आलं तर. माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा ऊसतोड करणाऱ्या घरातला आहे. त्याची बोटं माझ्यापेक्षा चांगली आहेत. तो आज वॉशरवर सराव करतो.

भाव का वाढला हे तुम्ही रोज वाचता. सौर पॅनेलला चांदी लागते, विजेच्या गाड्यांना लागते, फोनला लागते. चांदीच्या खाणी म्हणून वेगळ्या फार नाहीत, बहुतेक चांदी जस्त, शिसं, तांब्यासोबत निघते, त्यामुळे भाव वाढला म्हणून खाणीतून लगेच जास्त येत नाही. त्यात गुंतवणूकदार उतरले. 1980 साली अमेरिकेतल्या हंट बंधूंनी चांदी साठवून भाव औंसाला 50 डॉलरच्या जवळ नेला होता. 2025 मध्ये त्या आकड्यालाही चांदीने मागे टाकलं. यातलं काही तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नाही.

पण भावापेक्षाही आमचं जास्त नुकसान होतं ते भावाच्या चढउतारामुळे, आणि हे कुणी बोलत नाही. पूर्वी नगरच्या सराफ बाजारात एका पेढीवर मी वर्षातून दोनदा जायचो. शेठ मोडीचा डबा पाटावर उपडा करायचे. कुणाच्या माळेतले कडी लावलेले रुपये, कुणाच्या आजीच्या गाडग्यातले मातीने माखलेले, कुणाच्या लक्ष्मीपूजनाच्या तबकातले कुंकू लागलेले. मी मांडी घालून बसायचो, शेठ चहा सांगायचे. तासाभराने मी चार रुपये बाजूला काढायचो, काट्यावर ठेवायचो, त्या दिवसाच्या भावाने पैसे द्यायचो. डबा महिनोन्महिने तसाच राहायचा, म्हणून हे जमायचं. आज सकाळी घेतलेली मोड संध्याकाळपर्यंत आटते. जानेवारी 2026 च्या अखेरीस एका दिवसात चांदी कशी कोसळली, ते तुम्ही सोसलं आहे. अशा बाजारात चांदी डब्यात ठेवायची म्हणजे जीव टांगणीला लावायचा, हे मला कळतं. डबाच उरला नाही तर मी जोड कुठे शोधणार?

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, गुरुजी, नाणी आटणं काही नवं नाही. खरं आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा घेऊन चांदीचे रुपये मागायला लागले आणि सरकारच्या तिजोरीत चांदी उरेना. तेव्हा 1918 साली अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि त्याखाली 27 कोटी चांदीचे डॉलर आटवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी आपल्या रुपयांसाठी विकत घेतली. ते डॉलर बहुतांशी मॉर्गन जातीचे, आज जगातले जादूगार ज्याच्यासाठी जीव टाकतात तेच. म्हणजे पंचम जॉर्जच्या त्या काळातल्या रुपयांत अमेरिकन डॉलरची चांदी आहे. मास्तर हे मुलांना सांगायचे, रुपया उन्हात धरून: "याने एक जन्म अमेरिकेत काढलाय."

पण तेव्हा एक नाणं आटून दुसरं नाणं झालं, ते पुन्हा माणसांच्या हातात आलं. आता नाणं आटलं की त्याची वीट होते किंवा तार, आणि राजाछाप तर पुन्हा कधीच पाडला जाणार नाही. पंचम जॉर्जचा शेवटचा रुपया 1922 चा. त्याचा प्रत्येक बंदा रुपया शंभर वर्षांच्या पुढे गेला आहे.

पिटमन कायदा झाला त्याच 1918 सालच्या दसऱ्याला शिर्डीत साईबाबांनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी लक्ष्मीबाई शिंदे यांच्या हातावर नऊ रुपये ठेवले, आधी पाच आणि मग चार. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात लहान मुलालाही माहीत आहे. त्या नऊ रुपयांची चांदी काट्यावर किती भरेल, हे या जिल्ह्यात आजवर कुणी विचारलं नसेल. आणि चोंडी आपल्याच जिल्ह्यातली. तिथे जन्मलेल्या अहिल्यादेवींच्या काळातल्या होळकरी रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान असायचं. असा रुपया तुमच्यातला एकही जण मुशीत टाकणार नाही, अशी माझी खात्री आहे. मग झिजलेला, भोक पडलेला राजाछाप, ज्याला संग्राहकही विचारत नाहीत, त्याच्यासाठी मी तुमच्याकडे पदर पसरतो आहे.

इथे माझ्यावरही एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मी जुन्या नाण्यांचा एवढा कळवळा दाखवतो आणि लेथवर तीच कोरतो. त्यावर माझा नियम सांगतो. दुर्मीळ नाणं मी कापत नाही. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून ती नाणी परत मागवून आटवली गेली होती. तो रुपया मला एकदा मोडीत दिसला, तेव्हा मी शेठना तो बाजूला ठेवायला लावला. मला फक्त भोकाचे, कडी लावलेले, चेहरा पुसट झालेले रुपये लागतात. भोकाचा रुपया शेलच्या कामाचा नसतो, पण लोट्यात टाकायला चालतो, आवाज थोडा बदलतो एवढंच.

या सगळ्याची एवढी काय गरज, असं घरचेही विचारतात. त्याचं उत्तर मला शाळेत मिळालं आहे. आपल्या महाराष्ट्रात अजूनही 'पैशांचा पाऊस पाडून देतो' म्हणून लोकांना लुटतात. घर विकून, जमीन गहाण टाकून लोक भोंदूच्या हातात पैसे देतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यांचे कार्यकर्ते आधीपासून गावोगाव चमत्कार करून दाखवायचे आणि मग ते कसे केले हे सांगायचे. मी शाळेत तेच करतो. आधी हवेतून आठ रुपये काढतो. मुलांचे डोळे विस्फारतात. मग शेवटच्या रुपयाला थांबतो, डावा हात उघडतो आणि दाखवतो की बाकीचे तिथेच होते. वर्गात एकदम शांतता होते. मग एखादं पोर हळूच विचारतं, "गुरुजी, मग त्या बाबाच्या पण हातात असतील का?"

हा प्रश्न यायचा तर आधी रुपये खरे वाटले पाहिजेत. पोरांच्या कानांनी ते मानले पाहिजेत. वॉशरवर आणि स्टीलच्या चकत्यांवर ते होत नाही, मी करून पाहिलं आहे. आधी थक्क झालेलं पोरच नंतर विचारतं.

म्हणून माझ्या विनंत्या.

मोडीत बंदे रुपये आले तर त्यातले झिजलेले, भोकाचे, कडीचे बाजूला ठेवा आणि आठ दिवस आटवू नका. आठ दिवसही जड वाटत असतील, तर त्या दिवसाच्या भावाने आम्ही अनामत भरून ठेवू. भाव पडला तर तोटा आमचा. तुम्ही ते आटवून जे कमावणार तेवढं वर लावा, त्यात आम्ही घासाघीस करणार नाही. या जिल्ह्यात नाणी खेळवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. वर्षाला आम्हा सगळ्यांना मिळून 50 बंदे रुपयेसुद्धा लागणार नाहीत. तुमच्या भट्टीला ते कळणारही नाही.

दुसरी विनंती जास्त महत्त्वाची. कुणी घरातले जुने रुपये घेऊन आलं आणि त्यातले काही हलके निघाले, तर मुशीत टाकण्याआधी ते उलटे करून बघा. मागून वाटीसारखे पोकळ आहेत का? दोन्हीकडे राजा आहे का? चुंबकाला चिकटतात का? कडेला रबराची खाच आहे का? पूर्वी भामटे रुपया पोखरून आत शिसं भरायचे, त्यामुळे तुम्ही सावध असता, ते योग्यच आहे. पण आमच्या नाण्यात शिसं नसतं, नुसती पोकळी असते किंवा लोखंडाची चकती. असं काही दिसलं तर समोरच्या माणसाला एकच विचारा: घरात कोणी जादूचे खेळ करायचे का? तो हो म्हणाला, तर त्याला सांगा की हे काट्यावर जेवढं भरतं त्यापेक्षा घेणारा माणूस मिळेल. त्या घराला दोन पैसे जास्त मिळतील, देणं फिटेल आणि नाणी वाचतील. मास्तरांच्या मुलाला कुणी एवढं विचारलं असतं, तर मी माझ्या पेन्शनमधून ते रुपये घेतले असते.

आणि ज्यांच्या घरात आजीचे रुपये अजून गाडग्यात, देव्हाऱ्यात, लुगड्याच्या घडीत असतील, त्या वाचकांनाही सांगतो. विकायचे असतील तर विका, अडचण सगळ्यांना असते. फक्त विकण्याआधी एकदा फरशीवर टाकून त्यांचा आवाज घरातल्या मुलांना ऐकवा. 'खणखणीत नाणं' असं आपण माणसांना म्हणतो. हा शब्द ज्या आवाजातून आला, तो आवाज या पिढीने ऐकलेलाच नाही.

मास्तरांचा पितळेचा लोटा आता माझ्याकडे आहे. माझ्या खेळातला एक रुपया मी जानेवारीत शेल करायला दिला, तो लेथवर फाटला. त्याच्या जोडीचा अजून मिळालेला नाही. पंचम जॉर्ज, चेहरा अर्धा पुसलेला, रंग काळपट. कुणाच्या डब्यात असेल तर निरोप द्या, मी पैसे घेऊन येतो. शाळा उघडल्यावर पहिला कार्यक्रम ठरला आहे. लोट्यात सात रुपये आहेत आणि खेळाला आठ लागतात.

आपला,
पाथर्डी तालुक्यातला एक शिक्षक आणि जादूगार